भरपूर आणि पुरे : एका शब्दसंग्रहाची प्रस्तावना

'खूप' या एका अर्थासाठी भाषेला इतके शब्द का लागतात, या प्रश्नातून हे छोटे पुस्तक तयार झाले. भरपूर, पुष्कळ, मुबलक, विपुल, उदंड, बक्कळ, चिक्कार, रग्गड, अमाप, बेसुमार, ढीगभर, खंडीभर, लय, गंज. यादी इथे संपत नाही, पण इतके शब्द वाचूनच एक गोष्ट ध्यानात येते. हे शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत. आयुष्य उदंड असते, पाणी मुबलक, पीक अमाप, पैसा बक्कळ, गर्दी चिक्कार. 'चिक्कार आयुष्य लाभो' असा आशीर्वाद कोणी देत नाही आणि बसस्टँडवर 'विपुल गर्दी' कोणाला दिसत नाही. प्रत्येक शब्दाने आपापले क्षेत्र वाटून घेतले आहे, आणि ते वाटप बहुतेक वेळा शब्दाच्या जन्मातच ठरलेले असते.

संग्रहातले बोलीचे शब्द आले आहेत ते बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातल्या जानेफळ आणि त्याच्या आसपासच्या गावांतून. गावाच्या नावात फळ असले तरी शिवारात बागांपेक्षा सोयाबीन, तूर, कपाशी आणि हरभराच जास्त. आधीच्या पिढीत ज्वारी. जमीन काळी, पाऊस मर्जीचा. अशा भागात 'भरपूर' हा शब्द कोणी हलक्या हाताने वापरत नाही. पीक कसे आहे असे विचारले तर शेतकरी आधी आभाळाकडे बघतो, मग 'बरं हाय' म्हणतो. भरपूर पिकले हे तो खळे उरकल्यावर सांगतो, आणि तेव्हाही भाव कळल्याखेरीज त्याचा आवाज चढत नाही.

मराठी शब्दांच्या पुस्तकाची सुरुवात मी लॅटिनपासून करतो आहे, याचे कारण सांगायला हवे. मराठी-इंग्रजी कोश उघडला की या सगळ्या शब्दांपुढे इंग्रजीची तीन विशेषणे पुन्हा पुन्हा भेटतात: अबंडंट, प्लेंटिफुल आणि कोपियस. तिन्ही शब्द इंग्रजीने फ्रेंचमार्गे किंवा थेट लॅटिनकडून घेतले. कोश त्यांना समानार्थी मानतो, पण जन्माने ते तीन वेगळी चित्रे आहेत. एकात पाणी आहे, दुसऱ्यात भरलेले भांडे आणि तिसऱ्यात साठवलेले धन. ही तिन्ही चित्रे मराठीतही आहेत, आणि त्यांतली काही तर सख्खी भावंडे आहेत. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत विल्यम जोन्सने संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मुळातून निघालेल्या दिसतात असे म्हटले. त्या विधानाचा पुरावा बघायला जानेफळचा बाजारही पुरतो, हे पुढे दिसेल.

पहिले चित्र पाण्याचे. लॅटिनमध्ये 'उंदा' म्हणजे लाट. त्यापुढे 'अब' हा 'पासून, बाहेर' या अर्थाचा उपसर्ग लागून 'अबुंदारे' हे क्रियापद झाले: काठ ओलांडून वाहणे. त्याचे नाम 'अबुंदांतिया', फ्रेंचमधून जाऊन इंग्रजीत 'अबंडन्स'. विपुलतेच्या या शब्दात मोजमाप कुठेच नाही, आहे ते काठावरून सांडणारे पाणी. मध्ययुगात युरोपातल्या लेखनिकांना वाटले की हा शब्द 'हाबेरे', म्हणजे जवळ असणे, या क्रियापदावरून आला असावा. म्हणून त्यांनी पुढे एक 'ह' चिकटवून 'हाबंडन्स' असे लिहायला सुरुवात केली. ज्याच्याजवळ आहे त्याच्याकडे विपुलता, हा तर्क सरळ होता, पण व्युत्पत्ती चुकीची होती. पुढे विद्वानांनी तो 'ह' काढून टाकला.

या लाटेची इंग्रजीत मोठी प्रजा आहे. 'इनंडेट' म्हणजे पाण्याखाली बुडवणे. 'सराउंड' हा आज वेढणे या अर्थाचा शब्द मुळात 'वरून वाहणे' होता. आणि 'रिडंडंट', म्हणजे उसळून परत येणारे, म्हणून जादा, म्हणून नको असलेले. विलायतेत कारखान्यातून माणसे कमी करतात तेव्हा त्यांना हाच शब्द लावतात. एकाच लाटेतून सुकाळाचाही शब्द निघाला आणि कामावरून काढल्याचाही. विपुलतेच्या शब्दांना ही दुसरी बाजू जवळजवळ सगळीकडे असते. ती आपल्याकडे कशी दिसते ते पुढे येईल.

आता आपल्या बाजूने बघू. संस्कृतात 'उन्द्' असा धातू आहे, अर्थ भिजणे किंवा भिजवणे. लॅटिन 'उंदा' आणि हा 'उन्द्' एकाच कुळातले. उदक, उदधी, समुद्र हे शब्द त्याच घरातले, आणि पाणमांजराला आपण 'ऊद' म्हणतो तो प्राणीही. इंग्रजीतला 'ऑटर' त्याचाच भाऊ. मात्र मराठीने विपुलतेसाठी या धातूचा उपयोग केला नाही. 'उदंड' शब्दात कोणाला 'उद' म्हणजे पाणी दिसेल, पण तसे नाही. तो संस्कृत 'उद्दण्ड' वरून आला: दंड उगारलेला, म्हणून बेदरकार, आवरता न येणारा. हिंदीत 'उद्दंड' आजही उर्मटाला म्हणतात. मराठीत तोच शब्द उर्मटपणा सोडून मोठेपणाला चिकटला आणि आशीर्वादात जाऊन बसला.

पाणी काठावरून जाण्याचे चित्र मराठीने दुसऱ्या शब्दांत ठेवले: सांडणे, ओसंडणे, उतू जाणे. धरणाच्या भिंतीवरून जादा पाणी सुरक्षित बाहेर काढायला जी वाट बांधतात तिला सांडवा म्हणतात. पैनगंगेवरचे पेनटाकळी धरण मेहकर तालुक्यातच आहे. एखाद्या चांगल्या पावसाळ्यात सांडव्यावरून पाणी सुटले की त्याची बातमी होते; तरुण मुले 'ओव्हरफ्लो झालं' म्हणतात, म्हातारी माणसे 'धरण सांडलं' म्हणतात. रोमन माणसाने तिथे उभे राहून 'अबुंदात' म्हटले असते. तिघांच्या डोळ्यांपुढे चित्र एकच आहे.

दुसरे चित्र भांड्याचे, आणि या पुस्तकाचा गाभा इथे आहे. लॅटिन 'प्लेनुस' म्हणजे भरलेला. त्यावरून 'प्लेनितास', आणि फ्रेंचमार्गे इंग्रजी 'प्लेंटी'. 'प्लेनुस' आणि संस्कृत 'पूर्ण' हे एकाच मूळ शब्दाचे दोन अवतार आहेत. लॅटिनने 'ल' ठेवला, संस्कृताने 'र'. इंग्रजीतला 'फुल' हाही त्याच मुळाचा, फक्त तो लॅटिनकडून न येता जर्मानिक बाजूने आला. हे एकदा मान्य केले की 'भरपूर' या रोजच्या शब्दाकडे बघण्याची नजर बदलते. त्यातला 'पूर' म्हणजे नदीचा पूर, आणि नदीचा पूर म्हणजे 'पूर्ण' करणारा पाण्याचा लोंढा. नागपूर, सोलापूर या नावांतला 'पूर' मात्र नगराचा. त्याची गल्लत करू नये.

या धातूचा मराठीतला पसारा बघण्यासारखा आहे. पूर, पूर्ण, संपूर्ण, पौर्णिमा, पूर्तता, पूरक ही झाली वरच्या मजल्यावरची मंडळी. खालच्या मजल्यावर, स्वयंपाकघरात आणि दुकानात, पुरणे, पुरवणे, पुरवठा, पुरवणी, पुरेसे, अपुरे, पुरेपूर आणि पुरे. पुरणपोळीतले पुरण म्हणजे आत भरलेले सारण, तेही 'पूरण' वरून. तेलात तळलेली पुरी संस्कृत 'पूरिका'. आता इंग्रजीकडे वळून बघा. पुरवठ्याला तिथे 'सप्लाय' म्हणतात, तो लॅटिन 'सुप्लेरे' वरून, म्हणजे खालून भरून काढणे. वर्तमानपत्राच्या किंवा उत्तरपत्रिकेच्या पुरवणीला 'सप्लिमेंट' म्हणतात, तोही तिथूनच. पूर्ण झाले म्हणजे 'कम्प्लीट'. दोन भाषांनी एकमेकींचे तोंड न बघता, हजारो वर्षे आणि हजारो मैल दूर राहून, एकाच मुळापासून एकाच कामासाठी शब्द घडवले. परीक्षेत पुरवणी मागणारा जानेफळचा मुलगा आणि 'सप्लिमेंट' मागणारा लंडनचा मुलगा यांच्या तोंडी एकच धातू आहे.

तिसरे चित्र साठ्याचे. लॅटिन 'ओप्स' म्हणजे संपत्ती, सामर्थ्य. ऋग्वेदातल्या 'अप्नस्' या संपत्तीवाचक शब्दाशी त्याचे नाते लावतात. 'ओप्स' ला 'सह' अर्थाचा उपसर्ग लागून 'कोपिया' झाले: साठा, रेलचेल. त्यावरून 'कोपियस'. गमतीची गोष्ट अशी की 'कॉपी' हा शब्दही इथलाच. मध्ययुगात एखादा दस्तऐवज उतरवून घेण्याची मुभा देणे याला 'कोपिया' देणे म्हणत. मुभेवरून उतरवलेली प्रत आणि प्रतीवरून आजची परीक्षेतली कॉपी. विपुलतेचा शब्द कॉपीच्या चिठ्ठीपर्यंत उतरला. याच 'कोपिया' वर इरास्मस या डच विद्वानाने १५१२ साली एक पुस्तक लिहिले. मुद्दा एकच: शैलीत रेलचेल कशी आणावी. आणि ते दाखवायला त्याने 'तुमच्या पत्राने मला फार आनंद झाला' या साध्या वाक्याची शंभराहून अधिक रूपे लिहून दाखवली.

'कोपिया' चे सर्वांत प्रसिद्ध रूप म्हणजे 'कॉर्नुकोपिया', समृद्धीचे शिंग. 'कॉर्नु' म्हणजे शिंग. संस्कृत 'शृंग', मराठी 'शिंग' आणि इंग्रजी 'हॉर्न' हे त्याचे नातलग. ग्रीकांची कथा अशी की बाळ झ्यूसला दूध पाजणाऱ्या अमाल्थिया नावाच्या शेळीचे शिंग मोडले आणि त्यातून हवे ते फळ, धान्य निघू लागले. रोमच्या नाण्यांवर अबुंदांतिया ही देवी हे शिंग रिते करताना दिसते. नाण्यांवरची दुसरी देवी म्हणजे अन्नोना. तिच्या पायाशी 'मोदियुस' हे धान्याचे माप असते. एका मोदियुसात सुमारे पावणेनऊ लिटर धान्य मावे. अन्नोनाचे नाव ऐकून मराठी वाचकाला 'अन्न' आठवणारच, पण हा निव्वळ ध्वनीचा योगायोग आहे. 'अन्न' आले 'अद्', म्हणजे खाणे, या धातूवरून. अन्नोना आली 'अन्नुस', म्हणजे वर्ष, यावरून. वर्षभराचे पीक, वर्षभराचा पुरवठा.

त्या नाण्यांकडे बघताना आणखी एक गोष्ट विसरू नये. रोमची विपुलता मुख्यतः रोमची नव्हतीच. इजिप्त आणि उत्तर आफ्रिकेतून गलबते भरून गहू येई, म्हणून अन्नोनाच्या बाजूला कधी कधी जहाजही कोरलेले असते. शहरात फुकट धान्य घेणाऱ्यांची संख्या ज्यूलियस सीझरच्या वेळी तीन लाख वीस हजार होती. त्याने ती दीड लाखावर आणली. पिकवणारा एकीकडे आणि विपुलतेची देवी दुसरीकडे, हा प्रकार तेव्हापासूनचा आहे.

आता आपली मापे. पुष्कळ हा शब्द संस्कृत 'पुष्कल' वरून आला, आणि संस्कृतात पुष्कल हे धान्याचे एक प्रत्यक्ष माप होते: आठ मुठींची एक कुंची, आठ कुंचींचे एक पुष्कल. म्हणजे पुष्कळ म्हणजे चौसष्ट मुठी. मोजता येणारी एक राशी हळूहळू न मोजता येणाऱ्या 'पुष्कळ' मध्ये विरघळली. खंडीचेही तेच झाले. चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी हे कोष्टक एकेकाळी शाळेत पाठ करून घेत. वऱ्हाडात पायलीबरोबर कुडवही चाले. किलो आणि क्विंटल आल्यावर खंडी बाजारातून गेली, पण 'खंडीभर पाहुणे' घरात येतच राहिले.

खळ्यावर धान्य मोजताना मापारी पायली कशी भरायचा ते सांगणारी माणसे जानेफळ भागात अजून आहेत. पायली राशीत खुपसून वर काढली की काठापर्यंत भरते. ती झाली काठोकाठ. मग दोन्ही तळव्यांनी वर आणखी धान्य घालून त्याचा डोंगर करायचा, एकही दाणा पुढे ठरणार नाही असा. त्या वरच्या डोंगराला शीग म्हणतात आणि तसे भरण्याला शिगोशीग. सपाट पायली आणि शिगेची पायली यांत बराच फरक पडे. म्हणून उधार देताना आणि परत घेताना कोणी कशी भरली यावर भांडणे होत. मोजायला सुरुवात करताना मापारी 'एक' म्हणत नसे. पहिले माप 'लाभ', मग दोन, तीन. तोंडातून निघणारा पहिला शब्द तरी कमतरतेचा नको, हा त्यामागचा भाव. मराठीत ही सवय खोल आहे: नारळ फोडत नाहीत, वाढवतात; बांगडी फुटत नाही, वाढवते; दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. घरातले धान्य संपले तरी ते संपले म्हणायचे नाही.

अमाप आणि बेसुमार या शब्दांनी मापाचीच दोरी तोडली: एकाला माप नाही, दुसऱ्याला 'शुमार', म्हणजे मोजणी नाही. मुबलक हा शब्द मात्र थेट हिशेबाच्या वहीतून आला. अरबीत 'मब्लग़' म्हणजे पोचलेली रक्कम. जुन्या कागदांत रुपयांच्या आकड्याआधी 'मबलग' लिहीत. रक्कम मोठी असल्याखेरीज तिचा कागद कोण करणार? म्हणून मबलग म्हणजे पुष्कळ, आणि जीभ वळून मुबलक. खूप तर फारसी 'खूब', म्हणजे छान. छान ते जास्त, असे मराठीने ठरवले.

वऱ्हाडीतला 'गंज' या सगळ्यांत मला अधिक जवळचा. 'गंज दिवस झाले, भेट नाही', 'त्याच्यापाशी गंज वावर हाय'. फारसीत गंज म्हणजे खजिना, कोठार. त्याच शब्दाने उत्तरेकडच्या किती तरी बाजारपेठांची नावे संपतात. विदर्भात मोठ्या पातेल्यालाही गंजच म्हणतात. 'गंजात गंज भाजी हाय' असे वाक्य पुण्याच्या माणसाला कोडे वाटेल. इथे ते जेवायला बोलावणे आहे.

आता तो शब्द, ज्याला लॅटिनची तिन्ही चित्रे पुरत नाहीत: सुकाळ. सुकाळात पाणी नाही, भांडे नाही, साठा नाही. त्यात फक्त काळ आहे, चांगला काळ. विपुलता ही वस्तूची नसून वर्षाची असते, हे कोरडवाहू शेतीने शिकवलेले ज्ञान या शब्दात आहे. रोमची अन्नोना याच अर्थाने त्याची शेजारीण. सरकारनेही हा काळ मोजायची आपली रीत काढली. सोळा आणे पीक म्हणजे पूर्ण पीक, त्यावरून आणेवारी. दशमान पद्धत आल्यावर तिची पैसेवारी झाली. पैसेवारी पन्नास पैशांच्या खाली गेली की गावात दुष्काळसदृश स्थिती मानतात आणि सवलती लागू होतात. ४९ आणि ५१ यांच्यामधल्या दोन पैशांवर एका गावाची फी-माफी आणि कर्जवसुली अडते. 'सोळा आणे खरे' म्हणणाऱ्या भाषेत हे दोन पैसे फार जड आहेत.

सुकाळ आधी कळावा ही इच्छाही जुनी. आमच्याच जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. मध्ये पाण्याने भरलेली घागर, पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे, भोवती अठरा धान्ये. दुसऱ्या दिवशी पहाटे दाणे कसे हलले ते बघून वर्षाचे भाकीत सांगतात आणि ते ऐकायला दूरदूरचे शेतकरी जमतात. याला शास्त्राचा आधार नाही, हे अंधश्रद्धा निर्मूलनाची चळवळ अनेक वर्षे सांगत आली आहे आणि ते बरोबरच आहे. शब्दांच्या अभ्यासकाचे लक्ष मात्र भाकिताच्या भाषेकडे जाते. चांगले, साधारण, मोघम, अशा पायऱ्यांनी ती बोलते. ज्या मातीत घट मांडतात तिथले लोक भविष्यालाही मोजून मापून बोलायला लावतात.

'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस लँकशायरच्या गिरण्यांना मिळेना, आणि वऱ्हाडच्या कपाशीचे भाव आभाळाला भिडले. पुढे रेल्वे आली, १८७० मध्ये खामगावपर्यंत फाटा आला, खामगावची कापसाची पेठ नावारूपाला आली. त्याच वऱ्हाडाने १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ पाहिला. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली, सुकडी खाल्लेली आणि अमेरिकेतून आलेल्या मिलोच्या लाल भाकरी आठवणारी माणसे अजून गावोगावी आहेत. कुऱ्हाड सोन्याची असली तरी ती कुऱ्हाडच, हे या भागाला सांगावे लागत नाही.

आणि आज? बाजार समितीत विपुलतेला वेगळाच शब्द आहे: आवक. आवक वाढली म्हणजे भाव पडला. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, आणि अनेक बाजारांत शेतकऱ्याला त्याहून कमी मिळाले. पीक भरपूर आले हे वाक्य पिकवणाऱ्याच्या तोंडी तक्रारीसारखे ऐकू येते. 'रिडंडंट' शब्दातली परत उसळणारी लाट ती हीच. म्हणून या संग्रहात शब्दांपुढे अर्थ देताना मी शक्य तिथे तो कोण कोणाला म्हणतो हेही दिले आहे. 'मुबलक साठा उपलब्ध' हे अधिकारी म्हणतो, 'लय झालं' हे शेतकरी म्हणतो, आणि दोघे एकाच गोदामाबद्दल बोलत असू शकतात.

या सगळ्यातून मला एकच गोष्ट सांगायची आहे. लॅटिनमध्ये भरलेल्याला 'प्लेनुस' आणि पुरेशाला 'सातिस' असे वेगळे शब्द आहेत. इंग्रजीतही 'प्लेंटी' आणि 'इनफ' यांचा एकमेकांशी संबंध नाही. मराठीत मात्र भरपूर आणि पुरे हे एकाच धातूचे. जे भरते तेच थांबवते. भांडे भरले म्हणून पुरे, आणि पुरे झाले म्हणून ते भरलेले. विपुलतेच्या व्याख्येतच तृप्तीची रेघ मारून ठेवणारी ही जोडी मराठीची मोठी कमाई आहे असे मी मानतो.

तिचा वापर प्रत्यक्ष बघायचा असेल तर मेहकर तालुक्यातल्याच हिवरा आश्रमाला जावे. शुकदास महाराजांनी उभारलेल्या विवेकानंद आश्रमात विवेकानंद जयंतीच्या उत्सवाला महाप्रसाद असतो: पुरी आणि वांग्याची भाजी. शेतात ओळीने पंगती बसतात, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांमधून पुऱ्या येतात, वाढणारे त्या ओळींमधून फिरतात. एवढ्या अफाट पंगतीत वाढप्याला थांबवायला एकच खूण चालते. पत्रावळीवर आडवा हात येतो आणि शब्द येतो, 'पुरे'. पुरी आणि पुरे, दोन्ही एकाच धातूचे, एकाच पत्रावळीवर. ट्रॉलीत अजून ढीग असतो, पण त्या माणसापुरती विपुलता पूर्ण झालेली असते.

पुस्तक कसे वापरावे याबद्दल थोडे. शब्द अकारविल्हे न लावता चित्रांप्रमाणे लावले आहेत: पाण्याचे, भांड्याचे, साठ्याचे, मापाचे, काळाचे. जिथे व्युत्पत्ती भक्कम आहे तिथेच ती दिली आहे. मोल्सवर्थचा कोश आणि १९४६ साली आलेला कृ. पां. कुलकर्णी यांचा मराठी व्युत्पत्तिकोश हे दोन्ही रोज हाताशी होते. आवाज जुळतो म्हणून नाते जोडण्याचा मोह वाचकानेही टाळावा. अन्न आणि अन्नोना यांची गोष्ट त्यासाठीच वर सांगितली. बोलीतल्या शब्दांचे उच्चार जसे ऐकू आले तसे लिहिले आहेत, त्यांना प्रमाणभाषेचे इस्त्रीचे कपडे चढवलेले नाहीत.

शेवटी एक मागणे. पायली, शीग, लाभ, गंज हे शब्द ज्यांच्या जिभेवर आहेत ती पिढी आता थकली आहे. तुमच्या घरात, वावरात, बाजारात 'खूप' साठी असा एखादा शब्द असेल जो या पुस्तकात नाही, तर तो कोण वापरते, कशाबद्दल वापरते आणि कोणत्या गावात, एवढे तीन तपशील लिहून ठेवा आणि जमल्यास कळवा. पुढच्या आवृत्तीत तो तुमच्या गावाच्या नावाने येईल.

जानेफळ, ता. मेहकर, जि. बुलढाणा